काचेची बाजू

देशाच्या संघातून खेळलेल्या एका फलंदाजाला शाळेच्या संघात जाईपर्यंत ऑफ आणि लेग हे शब्दच माहीत नव्हते. त्याच्या घरी मैदानाला दोन बाजू होत्या, एक भिंतीची आणि एक काचेची. ही नावं ठेवली होती त्याच्या ताईने, आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट तिचीच आहे. क्रिकेटच्या कुठल्याही नोंदीत ती सापडणार नाही, उगाच शोधत बसू नका.

त्यांच्या बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, फोटोंच्या चौकटी, कपाटांचे आरसे, कुणाच्या टेबलावर घालायची जाड काच, असं सगळं काम. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मधे एक लांबलचक बोळ. वर पत्रा, खाली फरशी. बोळाच्या एका अंगाला नुसती भिंत, दुसऱ्या अंगाला लाकडी पट्ट्यांवर उभ्या करून ठेवलेल्या काचा. नवखा पाहुणा त्या बोळातून पोट आत ओढून तिरका तिरका चालत यायचा. घरातली माणसं मात्र दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन झपाझप जायची.

दुपारी आईबाबा जरा आडवे व्हायचे आणि दुकान ताईच्या ताब्यात यायचं. ताब्यात म्हणजे काय, तर दाराची घंटी वाजली की पळायचं आणि बाकी वेळ धाकट्याला सांभाळायचं. धाकटा म्हणजे ताईचं शेपूट. ती गणितं सोडवायला बसली की हा बरोबर वहीवर येऊन बसायचा. शेवटी वैतागून तिने एका खोक्याची फळी उपसून त्याच्या हातात दिली, मागच्या दारापाशी तेच खोकं उभं केलं, आपण दुकानाच्या टोकाला उभी राहिली आणि रबरी चेंडू टाकला. घंटी ऐकू येत होती, शेपूट कामाला लागलं होतं, एवढंच तिला हवं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका वार्ताहराने तिला विचारलं, "लहानपणीच त्याच्यातली चमक तुम्ही ओळखली असणार, नाही का?" ती म्हणाली, "छे हो, मला गणितं करायची होती." हे काही त्याने छापलं नाही.

धाकटा खोक्यासमोर उभा राहून ताईकडे बघायला लागला की भिंत त्याच्या डाव्या हाताला यायची आणि काचा उजव्या हाताला. सुरुवातीला काचांवर गोणपाट टाकलेलं असायचं आणि चेंडूही मऊ होता, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. मग मामाने त्याला खरी बॅट आणली. बॅटीबरोबर कडक चेंडूही आणला. मामा लोकांना अक्कल थोडी कमीच असते.

आणि त्याच आठवड्यात बाबांनी एका सलूनवाल्यासाठी भलामोठा आरसा तयार केला. कडा अशा घासल्या होत्या की बोट फिरवलं तर लोणी वाटावं. आरसा वाळायला म्हणून बोळात उघडाच उभा केला होता. ताईने तो पाहिला होता. धाकट्यानेही पाहिला होता. पण धाकट्याने आदल्या दिवशी टीव्हीवर आणखी एक गोष्ट पाहिली होती. उजवीकडे जरा आखूड चेंडू आला की मागच्या पायावर जायचं आणि बॅट अशी सपकन आडवी फिरवायची, की चेंडू क्षेत्ररक्षकाला दिसायच्या आत सीमेवर. त्याला कट म्हणतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. ताईचा एक चेंडू नेमका तसा पडला, आणि पोराने त्याच्या आयुष्यातला पहिला कट मारला. फटका अगदी अस्सल होता. ताई आजही सांगते, तसा कट तिने पुन्हा बरीच वर्षं पाहिला नाही.

आता काचेच्या धंद्यात एक शिस्त असते, निदान बाबांच्या दुकानात तरी होती. काच फुटली की जो जिथे आहे तिथेच थांबायचं. ओरडायचं नाही, धावायचं नाही. कोणी ओरडलं की दुसऱ्याचा हात दचकतो आणि त्याच्या हातातलीही जाते. त्यामुळे फुटल्याच्या आवाजामागून त्या घरात जी शांतता पसरायची, तशी एखाद्या वाचनालयातही सापडणार नाही. मग बाबा उठायचे, जाड हातमोजे घालून तुकडे स्वतः वेचायचे आणि त्या दिवशी चहा घ्यायचे नाहीत. बाबा चहाचे एवढे शौकीन, की झोपेतून उठवून कप पुढे केला तरी नाही म्हणायचे नाहीत. त्यांनी चहा न घेणं हीच त्यांची आरडाओरड.

सलूनच्या आरशाला मात्र त्यांनी एक दिवस नाही, सबंध आठवडा चहा सोडला. बॅट कपाटावर गेली. धाकट्याला एक शब्द कोणी बोललं नाही. एक धपाटा मिळाला असता तर पोरगं भोकाड पसरून मोकळं झालं असतं. पण समोर कप तसाच निवतोय, वर साय धरतेय आणि बाबा भिंतीकडे बघतायत, हे बघून ते आतल्या आत वाळायला लागलं. जेवेना, खेळेना, बोळातून जाताना भिंतीला पाठ घासत जायला लागलं.

ताईला ते बघवेना. ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तो काचेच्या बाजूला पुन्हा कधीच मारणार नाही. माझी जबाबदारी."

"मारला तर?"

"मारला तर खेळ बंद. कायमचा."

बाबांनी उठून बॅट खाली काढून दिली. आईने लगेच आधण ठेवलं.

मग ताईने धाकट्याला खोक्यासमोर उभं करून कायदा वाचून दाखवला. "भिंतीच्या बाजूला काय हवा तो धुमाकूळ घाल. काचेच्या बाजूचा चेंडू सोडायचा. नुसता सोडायचा. बॅट लावलीस तर मी पुन्हा चेंडू टाकणार नाही, समजलं?" धाकट्याने मान डोलावली. मोठ्या माणसांना दिलेली वचनं मुलं सहसा दुसऱ्या दिवशी विसरतात. या पठ्ठ्याने ते हाडात मुरवून ठेवलं.

पुढची वर्षं त्या बोळात जे क्रिकेट झालं ते कुठेच झालं नसेल. ताई मुद्दाम काचेच्या बाजूला चेंडू टाकून त्याला भुलवायची. हा बॅट उंच उचलून, मान कलती ठेवून, राजाने मुजरा नाकारावा तसा चेंडू सोडून द्यायचा. अंगावर आलेला चेंडू मात्र मनगटाच्या एका झटक्यात भिंतीवर. ताईचंही काही कमी नव्हतं. काचा तर तिलाही सांभाळायच्याच होत्या. फरशीचा एक कोपरा तुटला होता, म्हणाल तेव्हा त्याच्यावर टप्पा टाकून दाखवायची. तिला कधी कोणी मैदानावर बोलावलं नाही आणि तिनेही आमंत्रणाची वाट पाहिली नाही. पण कुठल्या तरी संघाचं त्यात चांगलंच नुकसान झालं, हे इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

शाळेच्या संघाचे सर धाकट्याचा खेळ पाहून अवाक झाले. भिंतीच्या बाजूच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत लेगच्या फटक्यांमुळे नव्हे. ते तर होतेच. सर भारावले ते त्याच्या सोडण्यामुळे. "या वयात ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडायची ही समज! पोरं नुसती बॅट घालतात हो. याला संयम शिकवायला नको, हा घेऊनच आलाय." सरांनी हे मुख्याध्यापकांना सांगितलं, मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्रात ओळखीच्या माणसाला सांगितलं, आणि एका सकाळी छापून आलं की एक होतकरू फलंदाज उदयाला येत आहे. शेजारच्या टायरवाल्याने ती बातमी मोठ्याने वाचली आणि त्या दिवसापासून गल्लीत धाकट्याचं नाव होतकरू पडलं. "काय होतकरू, दूध आणायला चाललात?"

इकडे ताईचंही चाललं होतंच. एक पोस्टातला कारकून कुणाच्या तरी निरोपसमारंभाचा फोटो चौकटीत घालायला घेऊन आला, चौकट जरा तिरकी बसलीये म्हणून परत आला, मग काहीच बिघडलेलं नसताना पुन्हा आला. त्याच्याशी तिचं लग्न झालं. भावजी माणूस लाखात एक, फक्त क्रिकेटचा गंधही नाही. अख्खा सामना शेजारी बसून पाहणार आणि शेवटी विचारणार, "यातले आपले कोण?" दोघं समोरच्याच इमारतीत राहायला गेली. बाबांची नजर अधू होत चालली होती, त्यामुळे काच कापायची हिरकणी हळूहळू ताईच्या हातात आली. ती एका दमात रेघ ओढायची, खालून बोटाने टकटक करायची, आणि काच जिथे सांगितलंय तिथेच दुभंगायची. बाबा बाजूला बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "जमलं." किंवा "घाई केलीस."

धाकटा वर वर चढत गेला आणि एक दिवस देशाच्या संघात पोचला. पहिल्याच सामन्यात समोरच्या गोलंदाजांनी त्याच्या अंगावर चेंडू टाकले. बिचाऱ्यांना बोळ माहीत नव्हता. त्याने त्यांना लेगला असं धुतलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत एकच मथळा होता, मनगटातली जादू. ताईने तो वाचला आणि ती म्हणाली, "जादू कसली, दुसरीकडे मारायची सोय नव्हती." हे ती गमतीत बोलली होती. तिचं तिलाही कळलं नाही की ती केवढं खरं बोलून गेली.

जादू फार दिवस टिकली नाही. जगभरचे गोलंदाज काही दूधखुळे नसतात. कुणाच्या तरी लक्षात आलं की याला ऑफच्या बाहेर टाकत राहा, हा नुसता सोडतो. आधी त्याचं कौतुक झालं. मग जांभया सुरू झाल्या. मग शिट्ट्या. षटकामागून षटकं कोरी जायची, दुसऱ्या टोकाचा जोडीदार कासावीस होऊन बाद व्हायचा, आणि शेवटी धाकटा स्वतःच बाहेरचा चेंडू ओढूनताणून लेगला न्यायला जायचा आणि उंच झेल देऊन परतायचा. संघातून गेला, आला, परत गेला. प्रशिक्षकांनी त्याचे पाय तपासले, डोकं तपासलं, खांदे तपासले. एका मानसतज्ज्ञाने त्याला डोळे मिटून समुद्र बघायला सांगितलं. समुद्र दिसला, कट काही दिसला नाही. बॅट अर्ध्यापर्यंत खाली यायची आणि तिथेच गोठायची. केस कपाळावरून मागे हटायला लागले, पण वर्तमानपत्रांतला होतकरू काही हटेना. तिशीतल्या माणसाला कोणी होतकरू म्हटलं की ती शिवीच असते.

असाच एक सामना चालू होता. ताई दुकानात तावदान कापत होती आणि टीव्हीवर कोटवाला तज्ज्ञ धाकट्याचा नकाशा दाखवत होता. नकाशा म्हणजे मैदानाचा गोल आणि त्यात त्याने आजवर काढलेल्या धावांच्या रेघा. डाव्या अंगाला रेघांचं नुसतं रान माजलेलं. उजव्या अंगाला काहीच नाही. जणू कुणी मधोमध पट्टी ठेवून पुसून काढलं होतं.

"इथे काय अडतं त्याचं, आम्हाला कोडंच आहे," तज्ज्ञ म्हणाला.

ताईने हिरकणी खाली ठेवली. तिला कोडं वगैरे काही पडलं नाही. टीव्हीवर जगाला दाखवत होते तो तिचा बोळ होता. ती पुसलेली बाजू तिने स्वतः पुसली होती, खोक्यासमोर उभं राहून, कंबरेवर हात ठेवून. तिला एकदम इतकं वाईट वाटलं की समोर गिऱ्हाईक उभं आहे हेही तिला दिसेना. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, काच मिळेल ना?" ती म्हणाली, "मिळेल हो. काचेला काय धाड भरलीये?"

मनातलं तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता आणि बाबांना सांगायचा धीर होत नव्हता. त्यातच धाकट्याला पुन्हा बोलावणं आलं. संघातल्या एकाचं बोट मोडलं होतं, सामना घरच्याच मैदानावर होता, आणि निवड समितीच्या माणसाने फोनवर फार गोड शब्दांत सांगितलं होतं की आम्हाला आता तरुण मुलांकडेही बघायचं आहे. म्हणजे यात जमलं तर जमलं, नाहीतर नमस्कार. संघात दाखल व्हायच्या आधी धाकटा घरी आला. जेवताना नेहमीसारखा हसत होता, आईला चिडवत होता, पण भात नुसता चिवडत होता.

ताईने विचारलंच. "बाहेरचा चेंडू मारत का नाहीस रे?"

"अगं, माझा स्वभावच आहे सोडण्याचा. सगळे म्हणतात ना, संयम."

"स्वभाव कसला डोंबलाचा! हात धू आणि बॅट घेऊन बोळात ये."

दुकानाला सुट्टी होती. ताईने काचा लावायच्या जागी जुन्या खिडक्यांची उतरवलेली तावदानं ओळीने उभी केली आणि मागच्या दाराशी खोकं ठेवलं. धाकटा बोळात आला, खोकं पाहून हसला, काचा पाहिल्या आणि त्याचं हसू मावळलं.

"हे काय?"

"फोडायच्यात. टाकते हां."

तिने टाकला. नेमका त्या तुटक्या कोपऱ्यावर, उजवीकडे, आखूड. हात अजून तयार होता तिचा. धाकट्याने बॅट उंच उचलून चेंडू सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याला बॅट निम्मी आली आणि थांबली. ताई चिडली, मग तिने गोंजारलं, मग पुन्हा चिडली. एकदा त्याने कसाबसा चेंडू ढकलला. तो गडगडत गेला आणि तावदानाला टक करून थांबला, पाहुण्याने दार वाजवावं तसा.

"अरे मार ना! तेवढ्यासाठीच लावल्यात!"

"ताई, हात जात नाही गं." हजारो माणसांसमोर शिट्ट्या पचवलेला माणूस बोळात रडकुंडीला आला होता. "मला माहितीये त्या भंगारातल्या आहेत. तरी जात नाही."

"माझंच चुकलं रे," ताई म्हणाली. "मीच तुला बांधून घातलं."

तेवढ्यात मागे काठी वाजली. बाबा आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत आले होते. त्यांना आता माणसं आकारांवरून कळायची. ते धाकट्याच्या अंगावरून पुढे आले आणि पहिल्या तावदानावर त्यांनी बोट फिरवलं.

"ही तर रद्दी आहे."

"हो बाबा," ताई म्हणाली.

"रद्दीवर कोण मारणार? त्याला भीती रद्दीची नाहीये." ते तसेच पुढे दुकानात गेले आणि तिथून ताईला म्हणाले, "ये इकडे, हात लाव."

दुकानात दर्शनी भिंतीवर एक उंच आरसा होता. दुकान सुरू केलं तेव्हा बाबांनी स्वतःच्या हाताने कापलेला. गिऱ्हाईकाला आपलं काम दाखवायचं तर ते त्याच्याकडे बोट करायचे. ताईचं केळवण, धाकट्याचा पहिला कोट, सगळं त्याच्यासमोर झालेलं.

"बाबा, हा नको," ताई म्हणाली.

"तू धर खालून."

"अहो पण..."

"धर म्हणतो ना."

दोघांनी तो आरसा बोळात आणला. तावदानं बाजूला केली आणि बरोबर सलूनच्या आरशाच्या जागी तो उभा केला. धाकटा बघतच राहिला. आरशातून त्याच्याकडे टक्कल पडू घातलेला, बॅट धरलेला एक बावरलेला माणूस बघत होता. बाबा ताईच्या मागे जाऊन खुर्चीवर बसले.

"त्या सलूनवाल्याला मी पुढच्याच आठवड्यात नवा आरसा करून दिला होता," ते म्हणाले. "तो विसरला. मी विसरलो. तू अजून तोच धरून बसलायस." आणि मग ताईला म्हणाले, "टाक गं."

ताई मनात म्हणाली, देवा, टप्पा चुकू देऊ नकोस. चेंडू तुटक्या कोपऱ्यावर पडला, उसळला, उजवीकडे गेला. धाकटा मागच्या पायावर गेला. बॅट निम्मी आली.

"मार!" बाबा ओरडले.

काचेच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस, कधी आवाज न चढवलेला, तो ओरडला. बॅट सपकन पुढे गेली.

आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. आरसा वरपासून खालपर्यंत गेला, आणि मग सगळं थांबलं. सवयच ती. ताई चेंडू टाकल्यासारखा हात पुढे धरून तशीच उभी. धाकटा बॅट खांद्यावर गेलेली तसाच. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात पळी. शेजारी टायरवाल्याचा हातोडाही थांबला. एक शेवटचा तुकडा उशिराने निखळून फरशीवर पडला.

"अगं," बाबा आईला म्हणाले, "चहा टाक."

आईला वाटलं आपल्या कानांचंच काही तरी झालं. "आत्ता?"

"मग केव्हा? आणि त्या रद्दीतली एक लाव तिथे. हात गरम आहे त्याचा."

संध्याकाळपर्यंत बोळात एक तावदान धड राहिलं नाही. धाकटा घामाने निथळत होता, हसत होता आणि मधेच डोळे पुसत होता. ताई तुकडे वेचताना रडली, पण ते वाईट वाटून नव्हे. आई फक्त एवढंच म्हणाली, की सगळ्यांनी चपला घालूनच जेवायला बसा.

सामन्याच्या दिवशी दुकान नावालाच उघडं होतं. टीव्हीसमोर बाबा खुर्चीत, त्यांच्यामागे टायरवाला, भावजी पोस्टातून रजा टाकून आलेले. आई दर दोन मिनिटांनी आत जायची आणि दर मिनिटाला बाहेर यायची. ताईने हातात उगाचच एक काच धरली होती. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. भिंतीवर आरशाच्या जागी एक उंच, फिकट चौकोन उरला होता.

सुरुवात वाईट झाली. दोन गडी लवकर गेले आणि धाकटा मैदानात उतरला. कोटवाला तज्ज्ञ लगेच म्हणाला, "आता बघा, याला फक्त बाहेर टाकतील." टाकला. धाकट्याने सोडला. पुन्हा टाकला, पुन्हा सोडला. प्रेक्षकांतून ओळखीची शिट्टी आली. टायरवाला म्हणाला, "झालं, आला आपला होतकरू." ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठला.

"यातले आपले कोण?" भावजींनी हळूच विचारलं.

"श्श," सगळे म्हणाले.

पुढचा चेंडू आखूड होता. उजवीकडे, जरा उसळलेला. ताईला मैदान दिसलं नाही, तुटक्या कोपऱ्याची फरशी दिसली. धाकटा मागच्या पायावर गेला आणि बॅट कुठेही न अडता आरपार फिरली. क्षेत्ररक्षक जागचा हललाही नाही, हलून उपयोगच नव्हता. चेंडू सीमेवरच्या फळीवर जाऊन असा आदळला की तो आवाज टीव्हीतून दुकानात स्पष्ट ऐकू आला.

दुकानात कोणी ओरडलं नाही. ताई काच धरून जागच्या जागी, आई दारात, टायरवाला तोंडाशी ग्लास नेलेला. भावजीसुद्धा, कारण काही न कळताही त्यांनी इतक्या वर्षांत ही एक गोष्ट मात्र शिकून घेतली होती.

बाबांनी मान जरा कलती केली. त्यांना पडदा दिसत नव्हता.

"फुटली?" त्यांनी विचारलं.

"फुटली, बाबा," ताई म्हणाली.

"मग चहा टाका."

त्यानंतर धाकटा कितीतरी वर्षं खेळला, वर्तमानपत्रांनी होतकरू हा शब्द दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवला, आणि कोटवाल्या तज्ज्ञाने त्याच्या कटवर एक सबंध कार्यक्रम केला, ज्यात तंत्राची बरीच नावं होती. ते सगळं पुढचं. त्या दिवशी मात्र बाबांनी प्रत्येक कटला विचारलं, फुटली का, आणि ताईने प्रत्येक वेळी सांगितलं, फुटली. डॉक्टरांनी दिवसाला दोनच कप सांगितले होते, याची आठवण कोणीही करून दिली नाही. दुपारपर्यंत घरातलं दूध संपलं.